साडेतेरावर आलेलं ॲव्हरेज: सोलापूर–तुळजापूर रोज धावणाऱ्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका माध्यमिक शिक्षकांचं. नाव, शाळा, गाडीची कंपनी यातलं काही सांगत नाही. त्यांना नुसतं सर म्हणू. ओळख लपावी म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत आणि आकडे थोडे गोल केले आहेत.

सरांचं घर जुळे सोलापुरात, नोकरी तुळजापूरला. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक: बाराशे सीसी, पाच गिअर, मीटरवर नव्वद हजारांच्या पुढे. जाऊन-येऊन रोजचे शंभरेक किलोमीटर. सकाळी आसरा, सात रस्ता, रंगभवन अशी गावातली रखडपट्टी. तुळजापूर नाका सुटला की राष्ट्रीय महामार्ग ५२ चा चौपदरी रस्ता, तामलवाडीचा टोल, आणि शेवटी बालाघाटाचा छोटा घाट चढून तुळजापूर. सुट्टीतलं पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर धरलं की महिन्याला सव्वादोन हजार किलोमीटर होतात.

गाडीवरून घरात दोन पक्ष होते. सरांचे थोरले भाऊ मोहोळ तालुक्यात ऊस लावतात. त्यांचा ऊस जातो त्या कारखान्याची डिस्टिलरी आहे, त्यामुळे पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्याचा त्यांना आनंद. सर मात्र पंगतीत बसल्या बसल्या सुनवायचे, "दादा, तुझा ऊस माझ्या टाकीत शिरतो आणि माझा पगार पितो."

अडचण

सर माझ्याकडे एका ओळखीतून आले. गाड्यांचं काम आयुष्यभर पाहिलेला माणूस म्हणून लोक अधूनमधून असं काही विचारायला येतात. तक्रार एका वाक्यात होती: "पूर्वी वीस द्यायची, आता बारासुद्धा देत नाही. ई-२० आलं आणि गाडी गेली."

या एका वाक्यात तीन दावे आहेत: पूर्वीचं लिटरला वीस किलोमीटर, आताचं बारा, आणि कारण इथेनॉल (ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल). तिन्ही तपासल्याशिवाय पाना हातात घेऊ नये असं माझं मत. सरांना ते फारसं आवडलं नाही. ते आले होते सीएनजी किटचं कोटेशन घेऊन, आणि त्यांना फक्त "बसवा" एवढं ऐकायचं होतं.

आधी आताचं बारा. ते आलं कुठून? सर टाकी कधीच फुल करत नाहीत. पंपावर गेले की "पाचशेचं टाका". दर किती दिवसांनी पंपावर जावं लागतं, यावरून त्यांनी अंदाज बांधलेला. गाडी घेतली तेव्हा पेट्रोल पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात होतं. पाचशेत साडेसहा लिटर यायचं. आज लिटर शंभराच्या वर गेलंय, पाचशेत पावणेपाचच येतं. गाडीने थेंबही जास्त प्यायला नसता तरी पंपाच्या फेऱ्या वाढल्याच असत्या. दरवाढीचा सगळा दोष गाडीच्या नावावर लागला होता. असं बऱ्याच घरांत झालेलं असतं.

म्हणून खरं मोजमाप सुरू केलं. एकच पंप, तोच नोझल. दर वेळी टाकी फुल करायची: नोझलचा पहिला कट बसला, म्हणजे तो आपोआप बंद झाला, की थांबायचं. वरून "राउंड करा" म्हणून आणखी दहा-वीस रुपयांचं टाकायचं नाही. मीटरचा आकडा आणि लिटर वहीत लिहायचे. एका टाकीवर निकाल द्यायचा नाही, कारण नोझल थोडा आधी किंवा नंतर कट झाला तरी एका टाकीचं उत्तर सहज हलतं. शिवाय तुळजापूर वर, सोलापूर खाली. जाताना चढ, येताना उतार. डॅशबोर्डवरची स्क्रीन संध्याकाळी अठरा-एकोणीस दाखवायची, सकाळी बारा. सर सकाळी चिडायचे आणि संध्याकाळी गोंधळायचे. जाणं-येणं मिळून एक धरलं की हा प्रश्न मिटतो.

काही टाक्यांच्या हिशेबानंतर आकडा ठरला: साडेतेरा.

आता पूर्वीचं वीस. हा आकडा सरांना शोरूममधून सांगितलेला होता आणि तोच डोक्यात बसलेला. खरं काय होतं ते शोधायला सरांच्या पत्नीची, म्हणजे वहिनींची, जमाखर्चाची वही कामी आली. महिन्याचा पेट्रोल खर्च त्या पहिल्यापासून वेगळा लिहितात. सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांवर तारीख आणि मीटरचा आकडा असतोच. दोन बिलांमधले किलोमीटर, त्याच मुदतीतला वहीतला खर्च आणि तेव्हाचा दर यांची सांगड घातली, तेव्हा पहिल्या दोन-तीन वर्षांचं ॲव्हरेज साडेसतरा ते अठरा निघालं. वीस कधीच नव्हतं.

म्हणजे खरी घट साधारण चार ते साडेचार. आठ नव्हे. पण चारही थोडी नाही.

इथेनॉलचा वाटा

सर माझ्याकडून दोनच उत्तरांची अपेक्षा करत होते: "सगळा दोष इथेनॉलचा" किंवा "इथेनॉलने काही होत नाही". दोन्ही चूक आहेत, त्यामुळे इथे जरा थांबतो.

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की मिश्रणातली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा आराखडा काढला. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्के घटेल, असा अंदाज त्यात दिला आहे. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के. सरांची गाडी पहिल्या गटातली. २०१७ साली देशात सरासरी मिश्रण पाच टक्क्यांच्याही खाली होतं, म्हणजे त्यांचं जुनं अठरा जवळजवळ निव्वळ पेट्रोलवरचं.

अठराचे सहा टक्के म्हणजे एक किलोमीटरच्या किंचित वर. साडेचारातला सव्वा धरा हवं तर. उरलेले सव्वातीन दुसरीकडे कुठेतरी चालले होते. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा सरांनी पहिल्यांदा कोटेशन बाजूला ठेवलं.

समोरचे पर्याय

सीएनजी किट हा पहिला. हा पर्याय मुळात वाईट नाही. महिन्याला सव्वादोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला किटचे पैसे वर्ष-दीड वर्षात वसूल होऊ शकतात. अडचणी वेगळ्या होत्या. डिकी जाते, आणि सरांना डिकी लागते. आरसीवर नोंद करावी लागते, दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी असते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाडीत जे काही बिघडलं होतं ते सीएनजीवरही तसंच बिघडलेलं राहिलं असतं. इंधन बदललं म्हणून चाक मोकळं फिरत नाही. आजारी गाडीवर किट बसवून सहा महिन्यांनी "सीएनजीलाही ॲव्हरेज नाही" म्हणत आलेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरा पर्याय गाडी विकून नवी घेण्याचा. मुलीच्या कॉलेजची फी समोर असताना तो दोन मिनिटांत संपला.

तिसरा, बाटलीतली औषधं आणि पेट्रोलच्या पाइपवर लावायचे चुंबक. यावर चर्चाही केली नाही. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल सरांनी आधीच वापरून पाहिलं होतं. कमी ऑक्टेनसाठी बनवलेल्या साध्या इंजिनाला त्याचा उपयोग नसतो, आणि झालाही नव्हता.

चौथा पर्याय मी मांडला: एसटीने जा, किंवा सोलापुरातून तुळजापूरला जाणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर एकाच गाडीत जा. एका माणसासाठी रोज एक टन लोखंड हलवणं हाच मुळात सर्वांत मोठा खर्च आहे. सर म्हणाले, "बघू." सोलापुरात "बघू" म्हणजे नाही.

पाचवा, गाडी तपासून आणि सवयी पाहून गळती शोधणं. खर्च कमी, आणि सीएनजी नंतर बसवायचं ठरलं तरी हे काम वाया जात नाही. हाच धरला.

यात एक निर्णय लगेच घ्यावा लागला. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने किती फरक पडला ते नेमकं कळतं, पण त्यात महिने जातात. सगळं एकदम बदललं तर फायदा लवकर होतो, पण कारण समजत नाही. मधला मार्ग ठरला. सुरक्षिततेचं काही सापडलं तर मोजमापासाठी ते एक दिवसही लांबवायचं नाही, बाकीचं टप्प्याटप्प्याने.

हवा आणि ब्रेक

पहिल्याच सकाळी गाडी थंड असताना हवा पाहिली. दारावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय. पुढे २६, मागे एका चाकात २३. सर हवा भरायचे, पण येताना, चाळीस-पन्नास किलोमीटर तापलेल्या टायरवर. टायर गरम असला की दाब तीन-चार पीएसआय वर दिसतो. पंपावरचा पोरगा गेज बघून "ठीक आहे सर" म्हणायचा, आणि ती हवा खरं तर कमीच असायची. त्यात अर्धा उन्हाळा गेला, थंडी आली, दाब आणखी उतरला. कमी हवेचं नुकसान वाटतं तेवढं मोठं नसतं. सरासरी एक पीएसआय कमी झाला तर साधारण ०.२ टक्के इंधन. इथे सगळं मिळून दीड-दोन टक्के असेल. पण मागचा टायर दोन्ही कडांनी झिजला होता, तो खर्च वेगळा. हायवेवर भर उन्हात मऊ टायर फुटतो, ही भीती तर त्याहून मोठी.

मग जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवलं. पुढचं डावं चाक अर्ध्या फेरीत थांबलं. ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून अडकल्या होत्या आणि पॅड डिस्कला सतत घासत होते. खूण आधीपासून होती: प्रवास संपला की त्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागायची आणि रिमवर काळी पूड जास्त साचायची. सरांच्या ते लक्षातही आलं होतं, पण घाट उतरल्यावर ब्रेक तापणारच असा त्यांचा समज. तापणार हे बरोबर. पण दोन्ही बाजूंनी सारखे तापायला हवेत.

पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावलं, पुढचे पॅड बदलले, अलाइनमेंट केलं, चारही चाकांत ३३ हवा भरली. पुढच्या टाक्यांनी चौदाच्या थोडं वर दाखवलं. सरांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं होतं, रोग सापडला.

काढून टाकलेला व्हॉल्व्ह

थंडीचे दिवस होते. एका सकाळी त्यांच्यासोबत तामलवाडीपर्यंत गेलो. मीटरमधला निळा दिवा, इंजिन थंड असल्याचा, गाव संपेपर्यंत तसाच. सर कौतुकाने म्हणाले, "बघा, किती थंड चालते." लाल दिव्याची सगळ्यांना धास्ती, त्यामुळे निळा म्हणजे चांगला असं लोक धरतात.

गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं ओबीडीचं छोटं यंत्र स्टेअरिंगखाली लावून मोबाइलवर तापमान पाहिलं. हायवेला लागल्यावर ते वर जाण्याऐवजी पासष्टच्या आसपास घुटमळत राहिलं. या इंजिनाने नव्वदीच्या जवळ स्थिर राहायला हवं. मेस्त्रींकडे गेलो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, जागेवर नव्हताच.

मेस्त्री लपवाछपवी करणारे नव्हेत. म्हणाले, "सर, मागच्या मे महिन्यात गाडी गरम झाली होती ना? तेव्हाच काढून टाकला. सोलापूरच्या उन्हात व्हॉल्व्ह कशाला पाहिजे? आता कधी गरम होणार नाही." आपल्याकडे हा इलाज पिढ्यानपिढ्या चालत आलाय. कार्ब्युरेटरच्या जमान्यात तो खपूनही जायचा.

आताच्या गाडीत काय होतं ते सांगतो. इंजिन किती तापलंय यावर संगणक पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. तापमान कमी दिसलं की तो समजतो, इंजिन अजून थंड आहे. मग पेट्रोल थोडं जास्त सोडतो, रेस थोडी वर ठेवतो. ऑइल नीट पातळ होत नाही, त्यामुळे घर्षण वाढतं. सिलिंडरमधली जास्त उष्णता पाण्यात वाया जाते. गावात गाडी रखडते तेव्हा पाणी थोडं तरी तापतं, पण हायवेवर समोरून वारा रेडिएटरवर आदळतो आणि व्हॉल्व्ह नसल्याने सगळं पाणी सतत तिथून फिरत राहतं. म्हणजे ज्या रस्त्यावर गाडीने सर्वांत चांगलं ॲव्हरेज द्यावं तिथेच ती आजारी.

इथे पेच होता. नुसता नवा थर्मोस्टॅट बसवला आणि मे महिन्यात गाडी पुन्हा तापली तर? मेस्त्रींनी तो उगाच काढला नव्हता, गाडी खरंच तापली होती. त्यामुळे आधी ती का तापली ते शोधायचं ठरलं. कारण साधं निघालं: रेडिएटरचा पंखा कधी लागायचा, कधी नाही, कारण त्याला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, खराब. शिवाय कूलंटऐवजी नुसतं बोअरचं पाणी भरलं होतं. सोलापूरचं बोअरचं पाणी किती जड ते आपल्या गिझरला आणि नळाला विचारा. रिले बदलला, रेडिएटर धुतला, योग्य प्रमाणात कूलंट भरलं, मग थर्मोस्टॅट बसवला.

मेस्त्रींचा मान राखणं हाही या कामाचाच भाग होता. सरांचा पंधरा वर्षांचा घरोबा, आणि पुढेही गाडी तेच बघणार. त्यामुळे "तुम्ही बिघडवलं" असं कुणी म्हटलं नाही. मोबाइलवरचा आकडा त्यांना दाखवला. गाडी नव्वदीपाशी येऊन स्थिर झाली, पंखा वेळेवर लागला आणि सुटला, तेव्हा ते स्वतःच म्हणाले की आणखी दोन गाड्यांचे व्हॉल्व्ह परत बसवायला हवेत.

याच वेळी ऑइलही बदललं. कंपनीच्या पुस्तकात पातळ ग्रेड लिहिलेली असताना "गाडी जुनी झाली" म्हणून जाड भरलं होतं. योग्य ग्रेडचा फायदा एक-दोन टक्क्यांचाच, पण तो फुकट मिळतो. ऑइल बदलायचंच होतं.

एअर फिल्टरबद्दल थोडं. ॲव्हरेज उतरलं म्हणून सरांनी तो वर्षभरात तीनदा बदलला होता. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासून दाखवलं आहे की इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर मळला तर पिकअप मंदावतो, ॲव्हरेज फारसं हलत नाही. हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर वेळेवर बदलावाच, पण तो इंजिनासाठी.

ॲव्हरेज आता साडेपंधरा.

वेग, आणि पाण्याचा दिवस

गाडीचं दुखणं बरंचसं निघालं होतं. उरलं ते चालवणाऱ्याच्या पायात.

रस्ता दुपदरी होता तेव्हा सर साठ-सत्तरने जायचे, कारण त्याहून जास्त जमतच नव्हतं. चौपदरी झाल्यावर काटा नकळत १०५ वर गेला. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या तुलनेत १०५ ला तो सत्तर टक्क्यांहून अधिकने वाढलेला असतो. इंधन बचतीचा प्रचार करणारी सरकारी संस्था पीसीआरए ताशी ४५ ते ५५ चा वेग सांगते. तो सल्ला भौतिकशास्त्राला धरून आहे, पण हायवेवर मागून कंटेनर येत असताना पन्नासने चालणं धोक्याचं. आम्ही ८० ठरवले.

सरांचा आक्षेप वेळेचा. हिशेब केला: मोकळा हायवे सुमारे ३५ किलोमीटर. १०५ ने वीस मिनिटं, ८० ने सव्वीस. फरक सहा मिनिटांचा.

हे पटूनही पहिल्या काही टाक्यांत फरक नीट दिसला नाही. वही पाहिली तेव्हा कारण कळलं. सर वहीत निघण्याची वेळही लिहीत होते. बहुतेक दिवशी ते वेळेवर निघत, पण दर चार-पाच दिवसांनी वीस मिनिटं उशीर. तो पाण्याचा दिवस. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा टाकी, पिंप, हंडे, बादल्या सगळं भरल्याशिवाय घरातलं कुणी हलत नाही. त्या दिवशी सर हजेरीची वेळ गाठायला एकशे दहाने जात. ऐंशीचा निश्चय पाण्याबरोबर वाहून जायचा.

माणसाला "हळू चालव" सांगून काही होत नाही. त्याला उशीर का होतो ते पाहावं लागतं. वहिनींनी तोडगा काढला: वरच्या टाकीची मोटर मुलगी चालू-बंद करणार, सरांनी त्यात पडायचं नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती ही.

पाण्यामुळे दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. डिकीत वीस लिटरचे दोन भरलेले कॅन कायमचे, शेजारी नातेवाइकांना द्यायच्या चादरींचा गठ्ठा. आणि छतावर गाणगापूरच्या वेळी लावलेलं कॅरिअर, रिकामंच. वजनाचं नुकसान टक्क्याभराचं. हायवेवर कॅरिअर त्याहून जास्त खातं, कारण ते वारा अडवतं. चार बोल्ट काढायला दहा मिनिटं लागली. चादरी अजून डिकीतच आहेत.

घाटात न्यूट्रल

येताना तुळजापूरचा घाट सर न्यूट्रलमध्ये उतरत. "पेट्रोल वाचतं." जुन्या गाड्यांत याला थोडा आधार होता. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की संगणक पेट्रोल बंदच करतो. उतारावर चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. पेट्रोलपेक्षा ब्रेकचा मुद्दा मोठा. इंजिनाचा रोध नसला की सगळा भार ब्रेकवर येतो.

यावर सरांनी बरोबर प्रश्न विचारला: मग घाट संपल्यावरच्या हलक्या उताराचं काय? तिथे गिअरमध्ये गाडी लवकर मंदावते आणि पुन्हा रेस द्यावी लागते. उत्तर असं की जिथे ब्रेक लावावा लागेल एवढा उतार आहे तिथे गाडी गिअरमध्ये आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला. जिथे उतार हलका आहे तिथे टॉप गिअरमध्ये पाय अगदी हलका ठेवायचा. न्यूट्रल कुठेच नाही.

गावातल्या सवयींत तीनच बदल केले. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडेपर्यंत ताणायचं नाही. दोन-अडीच हजार आरपीएमला वरचा टाकायचा. आणि पुढचा सिग्नल लाल दिसतोय तर तिथवर पळत जाऊन ब्रेक दाबायचा नाही, लांबूनच पाय काढायचा. मोठ्या सिग्नलला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद.

एसीवर मी काही बंधन घातलं नाही. एप्रिलमध्ये बेचाळीस अंशांत काचा उघड्या ठेवून तुळजापूरला जा असं सांगणाऱ्याचा सल्ला कुणी पाळत नाही, आणि हायवेच्या वेगाला उघड्या काचाही वारा धरतातच. गाडी शाळेत लिंबाखाली लावायची, निघताना मिनिटभर दारं उघडून तापलेली हवा जाऊ द्यायची, मग एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवायचा. एवढंच.

निष्पत्ती

थंडीच्या अखेरीस ॲव्हरेज पावणेसतरापाशी स्थिरावलं. उन्हाळ्यात एसीमुळे सोळावर आलं, पावसाळ्यात पुन्हा साडेसोळाच्या वर. जुन्या अठरातून इथेनॉलचा वाटा वजा केला तर या गाडीकडून सतराच्या पुढे अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

ब्रेक, थर्मोस्टॅट, रिले, कूलंट, ऑइल, अलाइनमेंट मिळून खर्च सात हजारांच्या आत. लिटरला १०५ धरले आणि साडेतेराची पावणेसतराशी तुलना केली तर महिन्याला बत्तीसेक लिटर, म्हणजे चौतीसशे रुपयांच्या आसपास वाचतात. सुमारे दोन महिन्यांत खर्च निघाला.

"बघू" म्हटलेला पर्याय परत आला, तो मात्र माझ्यामुळे नाही. सरांची वही स्टाफरूममध्ये फिरली. सोलापूरहून येणाऱ्या दोन सहकाऱ्यांनी आपापली गाडी मोजली आणि तिघे आठवड्यातून तीन दिवस एका गाडीत जाऊ लागले. रुपयांचा हिशेब केला तर ही बचत सगळ्या दुरुस्त्यांच्या वर जाते. परीक्षेच्या काळात तिघांच्या वेळा जुळत नाहीत, तेव्हा ते बंद पडतं.

वेगळं काय करता आलं असतं

हवा, अलाइनमेंट आणि ब्रेक एकाच दिवशी केल्याने त्या तिघांतलं कुणी किती खात होतं हे आता सांगता येणार नाही. ब्रेकसाठी थांबणं शक्य नव्हतंच, पण हवा आदल्या टाकीला भरून घेता आली असती.

ओबीडीचं यंत्र पहिल्या दिवशी लावायला हवं होतं. हजाराच्या आतलं ते यंत्र महिना आधी लागलं असतं तर थंड इंजिन तेव्हाच दिसलं असतं. निळा दिवा किती वेळ राहतो एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

मे महिन्यात गाडी तापली तेव्हाचा निर्णय हा या प्रकरणातला खरा वळणबिंदू. त्या दिवशी "का तापली" हे विचारलं गेलं असतं तर रिलेच्या किरकोळ खर्चात काम संपलं असतं. आपण गॅरेजमधून "झालं का?" विचारून निघतो. काय काढलं, काय घातलं हे बिलावर लिहून घेण्याची सवय सरांनी आता लावून घेतली आहे आणि मेस्त्रींनाही ती चालते.

सीएनजीचा प्रश्न अजून उघडा आहे. आता गाडी निरोगी आहे, खरा आकडा हातात आहे, त्यामुळे किटचा हिशेब प्रामाणिक होईल. मागचे दोन टायर पावसाळ्यानंतर बदलायचे आहेत. दुकानदाराने एक साइज रुंद सुचवला आहे, "गाडी भारी दिसते" म्हणून. सरांनी त्याला स्टिकरवरचाच साइज मागवायला सांगितलंय.